लेपाला छत्रीचे काम

कूलरचे गवत बदलायचे दिवस आले की सोलापुरात घरगुती सनस्क्रीनच्या कृतीही घरोघर पोचतात. थोड्याफार फरकाने कृती एकच असते. वाटीभर खोबरेल तेल, त्यात कोरफडीचा गर, चिमूटभर हळद, मिळाले तर गाजराच्या बियांचे तेल, आणि ‘रंग उजळायला’ लिंबाचे चार थेंब. जरा हौशी घरात केमिस्टकडून आणलेली झिंक ऑक्साइडची पूड आणि मधमाशीचे मेणही पडते. सगळे ढवळून बरणीत भरायचे आणि उन्हात बाहेर पडताना तोंडाला, हाताला चोळायचे. कृतीच्या शेवटी एक वाक्य ठरलेले: यात कसलेही केमिकल नाही, आपल्या आज्या-पणज्या हेच लावत होत्या.

हे मत आता इतके रुळले आहे की त्याला विरोध करणारा एकतर कंपन्यांचा एजंट ठरतो, नाहीतर परंपरेचा वैरी. माझे म्हणणे वेगळे आहे. ही बरणी विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही, हे त्वचारोगतज्ज्ञ सांगतच आले आहेत. पण ती परंपरेच्या कसोटीलाही उतरत नाही, हे मात्र कोणी फारसे बोलत नाही, आणि मला तेच जास्त बोलायचे आहे.

खंडनाचा जुना शिष्टाचार असा की पूर्वपक्ष आधी त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडावा. तर तो असा. झाडे दिवसभर उन्हात उभी असतात आणि त्यांच्या पानाफळांत अतिनील किरण शोषणारी द्रव्ये खरोखरच असतात. वनस्पतिज तेलांचा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजला गेला आहे, आणि तोही आपल्याच देशात. दुकानातल्या सनस्क्रीनमधली काही द्रव्ये कातडीतून रक्तात उतरतात, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनीच २०१९ आणि २०२० मध्ये दाखवले. हवाई बेटांनी त्यांतल्या दोन द्रव्यांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली. आणि बाजारातल्या ट्यूबची किंमत बिडी वळणाऱ्या किंवा बांधकामावर जाणाऱ्या बाईला परवडणारी नाही. यातले एकही विधान खोटे नाही. खोटा आहे तो त्यांतून काढलेला निष्कर्ष.

सगळा घोटाळा सुरू होतो उष्णतेपासून. सोलापूरकराला ऊन म्हणजे झळ. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला, डांबर मऊ झाले, की ‘ऊन लागते’. म्हणून उन्हावरचा उपाय म्हणजे थंडावा: कोरफड, काकडी, दही, चंदन. पण कातडी काळवंडवणारे आणि भाजणारे किरण वेगळे, आणि झळ लागते ते वेगळे. अतिनील किरण जाणवायला आपल्या कातडीत कसलीच सोय नाही. त्यांनी केलेली लाली काही तासांनी उमटते आणि साधारण दिवसाभराने पुरती दिसते. कोरफडीच्या गराने तोंड गार वाटते ते गरातल्या पाण्यामुळे. किरण तितकेच आत शिरत असतात. उलट एक नुकसान होते: झळ लागली की माणूस सावली शोधतो. गार लेप लावलेला माणूस आणखी अर्धा तास उन्हात थांबतो.

झळ आणि किरण यांची फारकत पाहायची तर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाहावी. संक्रांतीच्या सुमारास हवा सुखद असते, नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला माणसे तासन्तास रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि कोणाला ऊन ‘लागत’ नाही. पण सोलापूर १७.७ अक्षांशावर आहे. जानेवारीच्या मध्यालाही इथला दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंश वर असतो. २२ डिसेंबरला, म्हणजे वर्षात तो सर्वांत खाली असतो तेव्हाही, सुमारे ४९ अंशांवर. अतिनील किरणांचा जोर ओळखायची एक साधी खूण आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत असे समजावे. या हिशेबाने सोलापुरात भर दुपारी सावली उंचीपेक्षा लांब पडते असा दिवस वर्षात एकही नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर ती पायाखालीच नाहीशी होते, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ढगांआड पुन्हा एकदा. एप्रिल-मेपुरती बाहेर काढायची बरणी ही कल्पनाच मुळात तापमापकावर बेतलेली आहे. नंदीध्वज पेलणारे भक्त मात्र पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. दंड झाकलेले, छाती झाकलेली. तो धर्माचा पोशाख आहे, पण काम चोख करतो.

आता प्रयोगशाळेतल्या आकड्यांकडे. ‘खोबरेल तेलाचा एसपीएफ ८’ हे वाक्य हवेतून आलेले नाही. २०१० साली रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात ऑलिव्ह तेलाला साडेसात, खोबरेलाला सातच्या वर, एरंडेलाला पावणेसहाच्या आसपास, बदाम तेलाला पावणेपाच, मोहरीच्या तेलाला अडीचच्या आत आणि तिळाच्या तेलाला दोनच्याही आत आकडा मिळाला. (गाजराच्या बियांचे तेल, ज्याला बिनदिक्कत ३८-४० गुण दिले जातात, ते त्या यादीत नाहीच.) निबंध प्रामाणिक आहे. पण आकडा कसा काढला ते वाचायचे कष्ट कृती लिहिणारे घेत नाहीत.

त्या पद्धतीत तेल अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात अगदी विरळ करतात, छोट्या पारदर्शक कुपीत भरतात आणि २९० ते ३२० नॅनोमीटरच्या किरणांपैकी किती शोषले गेले ते यंत्रावर पाहतात. मग ठरलेल्या गुणकांनी गुणून एक आकडा मिळतो. हे सूत्र ब्राझीलमध्ये १९८६ साली मांडले गेले, आणि द्रावणांची आपसांत तुलना करायला ते सोयीचे आहे. पण कुपीतले एकजीव द्रावण निराळे आणि घामाने ओल्या, खाचाखोचांच्या, तेल पिणाऱ्या कातडीवरचा थर निराळा. शिवाय ही मोजणी ३२० नॅनोमीटरला थांबते. त्यापुढे ४०० पर्यंतचा पट्टा, ज्याला यूव्हीए म्हणतात, तो मोजणीतच नाही. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के हेच असतात, आणि काळवंडणे, वांग, अकाली सुरकुत्या यांत त्यांचा हात मोठा.

एसपीएफ ठरवायची मान्य रीत माणसांवरची आहे. पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावायचा, कृत्रिम सूर्याचे मोजून किरण सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी लाली कुठे उमटली ते पाहायचे. हे २ मिलिग्रॅम नीट लक्षात घ्यावेत. चेहरा आणि मान मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव हिस्सा. एवढे खोबरेल तेल तोंडाला लावून कोणी सात रस्त्यावरून स्कूटर चालवून दाखवावी. पहिल्या सिग्नललाच ते हनुवटीवरून ओघळेल. आपण लावतो ते चार थेंब, आणि त्यांतलेही निम्मे रुमालाला जातात. समजा त्या उरल्यासुरल्या थराने लाली आणणाऱ्या किरणांचा पाचवा हिस्सा अडवला, तर चार हिस्से आत गेले. एसपीएफच्या भाषेत हे फक्त सव्वा झाले. तीसचा एसपीएफ म्हणजे तिसावा हिस्सा आत. सव्वा आणि तीस यांच्यात तडजोड होत नाही.

इथवर तेल निरुपयोगी एवढेच सिद्ध झाले. लिंबाचे तसे नाही. लिंबू अपाय करते.

आपल्या कागदी लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकौमारिन नावाची द्रव्ये असतात. सावलीत ती गप्प असतात. त्यांच्यावर यूव्हीए पडला की ती कातडीच्या पेशींत शिरून तिथल्या डीएनएला चिकटतात. दिवस-दोन दिवसांनी लाली, कधी पाण्याचे फोड, आणि मग तपकिरी-काळे डाग, जे आठवडे नव्हे, कधीकधी महिनेही जात नाहीत. हे डाग ओळखायला सोपे असतात, कारण रस जसा सांडला तसा त्यांचा आकार. मनगटावरून कोपराकडे ओघळलेली रेघ, बोटांच्या पेरांवरचे ठिपके, गालावर चार बोटे फिरल्याचा पट्टा. रंग उजळायला लावलेल्या लिंबाने गालावर असा पट्टा काढला, तर ते आगीतून फुफाट्यात पडणे झाले. गोरेपणाची हौस या बरणीत कशाला हवी, हा वेगळा प्रश्न. पण ती हौस नसती तर लिंबू बरणीत आलेच नसते, एवढे खरे.

आणि हे ज्ञान परदेशातून यायची गरज नव्हती. बावचीचे बी कोडावर लावून रोग्याला उन्हात बसवायचे, हा उपचार आपल्याकडे फार जुना आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातही पांढऱ्या डागांना रंग आणणाऱ्या काळ्या वनस्पतीला उद्देशून सूक्ते आहेत. बावचीतले सोरालेन हे लिंबातल्या द्रव्यांच्याच कुळातले, आणि १९७४ पासून आधुनिक वैद्यकात चालू असलेला सोरालेन-आणि-यूव्हीएचा उपचारही याच तत्त्वावर उभा आहे. काही वनस्पती कातडीवर लावल्या की ऊन जास्त चढते, हे आपल्या वैद्यांना पक्के माहीत होते. ते त्याचा उपयोग जपून, रोगावर करत. आपण तेच निसर्गाच्या नावाने गालाला फासतो.

हळदीबद्दल फार लिहायला नको. तिचा पिवळा रंग ज्या कर्क्युमिनचा, ते सर्वांत जास्त शोषते ४२०-४३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना दिसणारा जांभळा-निळा उजेड. लाली आणणाऱ्या किरणांपाशी त्याचा जोर फारच कमी. आणि ज्या घरात साडीवर हळदीचा डाग पडला आहे त्या घराला पुढचे माहीत आहे: कापड धुऊन कडक उन्हात वाळत घालायचे, डाग आपोआप उडतो. ऊन ज्या रंगाला अर्ध्या दिवसात खाऊन टाकते, तो रंग उन्हापासून आपले रक्षण करील ही अपेक्षा कुठून आली?

राहिले झिंक ऑक्साइड. इथे पूर्वपक्षाचे बळ मान्य करायलाच हवे. झिंक ऑक्साइड अस्सल सनस्क्रीन आहे, दोन्ही पट्ट्यांतले किरण अडवते, आणि अमेरिकेत २५ टक्क्यांपर्यंत वापरायची परवानगी आहे. मग घरी का नको? कारण पूड आणि थर यांच्यामध्ये एक आख्खा कारखाना उभा असतो.

खोबरेल तेल २४ अंशांच्या पुढे पातळ होते. मेमधल्या सोलापुरात फडताळाचे तापमान रात्रीही त्याच्या वर असते. झिंक ऑक्साइड तेलाच्या जवळजवळ सहापट जड. मेण कमी पडले की चार दिवसांनी बरणी उजेडात धरली तर वर नितळ तेल आणि तळाला पांढरा चिकट गाळ दिसतो. वरचे बोटभर लावले तर निव्वळ तेल, तळाचे खरवडले तर गुठळ्या. ढवळून घेतले तरी गुठळ्या मोडत नाहीत, कारण ही बारीक पूड स्वतःलाच धरून बसते आणि मिक्सरच्या पात्यांना ती दाद देत नाही. खात्री करायची तर एखाद्या काळ्या काचेवर किंवा मोबाईलच्या बंद पडद्यावर त्या मिश्रणाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि भिंगातून पाहावे. पांढरे ठिपके, आणि ठिपक्यांच्या मधे उघडी काच. कातडीवर त्या उघड्या जागेतून किरण सरळ आत जातात. कारखान्यात हीच पूड दाबाने दळून, तिच्या कणांवर लेपन करून, योग्य द्रवात पसरवून मग भरतात, आणि मग माणसांवर मोजतात. घरी मोजायला काहीच नसते. अमुक चमचे पुडीला अमुक एसपीएफ, हा हिशेब भाकरीच्या पिठाला चालेल. शिवाय ही पूड चाळताना नाकात जाते ते निराळेच, आणि कोरफडीचा ताजा गर घातलेली बरणी उन्हाळ्यात किती लवकर आंबते ते सांगायला कोणा रसायनशास्त्रज्ञाची गरज नाही.

आता परंपरेकडे वळतो, कारण तिच्या नावावर हे सगळे खपवले जाते.

आपल्याकडे लेप होते, पुष्कळ होते. चरकाने सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात वर्ण सुधारणाऱ्या दहा द्रव्यांचा गण दिला आहे: चंदन, नागकेशर, पद्मक, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा आणि आणखी तीन. आजच्या प्रत्येक ‘हर्बल’ डबीवर यांतली दोन-चार नावे असतातच. पण हा गण वर्णासाठी आहे. उन्हासाठी काय सांगितले ते पाहायला एकच अध्याय पुढे जावे लागते. तिथे पाचव्या अध्यायात दिनचर्येत चरकाने छत्री धरण्याचे गुण सांगितले आहेत आणि त्यांत ऊन, वारा, धूळ आणि पाऊस यांच्यापासून बचाव स्पष्ट शब्दांत आहे. वाग्भटानेही घराबाहेर पडताना छत्री आणि पादत्राणे घेऊन पडावे असेच सांगितले. उन्हाला उत्तर म्हणून दोघांनी छत्री दिली.

त्याहून बोलका आहे वाग्भटाच्याच अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला बाविसावा अध्याय. मुखलेपाचे सारे नियम तिथे आहेत. सहा ऋतूंचे सहा लेप, लेपाची जाडी पाव अंगुळापासून अर्ध्या अंगुळापर्यंत, आणि तो वाळू द्यायचा नाही, कारण वाळलेला लेप कांती बिघडवतो. ओला करून काढायचा आणि मग तेल लावायचे. पुढे पथ्य आहे: लेप लावलेला असताना दिवसा झोपू नये, बोलू नये, विस्तवाजवळ जाऊ नये, शोक-क्रोध करू नये. आणि त्याच यादीत, उन्हात जाऊ नये. म्हणजे अर्धे अंगुळ जाडीचा लेप तोंडावर असतानाही वाग्भट रोग्याला ऊन वर्ज्य सांगतो. तो लेप घेऊन उन्हात हिंडायची आज्ञा कुठल्या आजीने कुठून आणली?

आजीने आणलीच नव्हती. दिवाळीचे उटणे सूर्य उगवायच्या आत लागते आणि अभ्यंगस्नानात धुऊन जाते. लग्नातली हळद मांडवाखाली लागते आणि नहाण होते. मुलतानी माती वाळायला आली की तोंड धुवायचे. आपले सगळे लेप सावलीतले आणि धुऊन टाकायचे. उन्हात जाताना आजीने काय घेतले ते जुन्या फोटोत दिसते: डोक्यावरून पदर, पूर्ण बाह्यांचे पोलके, आजोबांना फेटा किंवा टोपी आणि खांद्यावर उपरणे. शेतातली कामे पहाटे सुरू, ऊन चढले की बांधावरच्या झाडाखाली भाकरी, आणि उन्हे कलली की पुन्हा काम. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते तीही याच शहाणपणातून.

जाड चिखलाचा थर किरण अडवतो, हे खरे. मुलतानी मातीचा न तडकलेला, अपारदर्शक थर कापडासारखेच काम करील. पण घाम सुटला की तो ओघळतो आणि वाळला की तडकतो, म्हणून चेहऱ्यावर तो घेऊन बाजारात जाता येत नाही. सोलापूर जिल्ह्यात मातीच्या अशा थराचा खरा उपयोग भलतीकडेच होतो. डाळिंबावर.

सांगोला, पंढरपूर भागातल्या डाळिंब बागाईतदाराला ऊन भाजते म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. आंबे बहारातली फळे कडक उन्हाळ्यात झाडावर असतात, आणि नैर्ऋत्येच्या, म्हणजे दुपारनंतरचे ऊन खाणाऱ्या बाजूच्या फळांवर आधी पिवळट, मग तपकिरी-काळे चट्टे पडतात. बाजारात त्या फळाला भाव नाही. (फळाच्या भाजण्यात उष्णतेचा वाटा मोठा असतो, कातडीशी त्याची तंतोतंत बरोबरी करायची नाही, पण उपाय पाहण्यासारखे आहेत.) एक उपाय म्हणजे केओलिन, पांढरी बारीक चिनी माती, पाण्यात कालवून फवारायची, म्हणजे फळावर ऊन परतवणारा पांढरा थर बसतो. दुसरा उपाय क्रॉप कव्हर, पांढऱ्या पातळ कापडाची आच्छादने. आणि तिसरा, जो मला सर्वांत आवडतो, जुन्या साड्या. ओळीच्या ओळी झाडांवर निळ्या, गुलाबी, बुट्टीदार साड्या अंथरलेल्या असतात. दुरून बागेत लग्न लागल्यासारखे दिसते. सोलापुरात २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि बागाईतदार नव्या औषधाचा प्रयोग करायला कधी कचरत नाही. पण भगव्या डाळिंबाला खोबरेल तेल आणि हळद चोळून कोणी उन्हात ठेवलेले नाही. फळाच्या बाबतीत ज्याला थर आणि आच्छादन एवढेच कळते, तोच माणूस मुलीच्या गालाच्या बाबतीत तेलावर भरवसा ठेवतो.

केमिकलच्या भीतीकडे येऊ. रक्तात द्रव्ये सापडली ते प्रयोग असे होते: शरीराच्या तीन चतुर्थांश भागाला, पुरेपूर जाडीत, २०१९ च्या प्रयोगात दिवसातून चार वेळा, चार दिवस. आणि जी पातळी ओलांडली ती ‘अधिक चाचण्या करा’ अशी सूचना देणारी पातळी होती, इजेची नव्हे. चाचण्या व्हायलाच हव्यात. तोवर ज्याला धास्ती आहे त्याने झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडची तयार ट्यूब घ्यावी. अमेरिकेच्या प्रशासनाने २०१९ च्या आपल्या प्रस्तावात हीच दोन द्रव्ये सुरक्षित आणि परिणामकारक म्हणून धरली. एका द्रव्याबद्दल शंका आहे म्हणून कसलेच संरक्षण नसलेली वस्तू लावणे, हा तर्क कुठल्याही शास्त्रात बसत नाही. हवाईच्या बंदीचे म्हणाल तर ती प्रवाळांसाठी होती, आणि हिप्परग्याच्या तलावात प्रवाळ नाहीत.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो आणि तो बरणीवाल्यांनी कधी मांडलेला मी ऐकला नाही. आपल्या सावळ्या कातडीला सनस्क्रीनची एवढी गरज आहे का? १९७९ साली फिलाडेल्फियात केलेल्या मोजणीत काळ्या माणसाच्या कातडीच्या वरच्या थराला स्वतःचेच सरासरी १३.४ एवढे संरक्षण मिळाले, गोऱ्याला ३.४. आपण मधे कुठेतरी. कातडीचा कर्करोग आपल्याकडे कमी आहे, हेही खरे. तेव्हा घरातून दुकानापर्यंत दोन मिनिटे चालणाऱ्या धडधाकट माणसाने बरणी लावली काय, न लावली काय, फार बिघडत नाही, आणि म्हणूनच बरणीचा फोलपणा उघडा पडत नाही. ती ज्यांच्यावर उलटते ती माणसे निराळी. वांग असलेली बाई, जिचे डाग दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात आणि जिला लोहाच्या ऑक्साइडची छटा असलेली सनस्क्रीन लागते. कोड असलेली मुलगी, जिच्या पांढऱ्या डागात रंगद्रव्यच नाही. उन्हाने बळावणाऱ्या ल्युपसचा रोगी. डॉक्सिसायक्लिनसारखी, ऊन चढवणारी गोळी घेणारा माणूस. नेमक्या याच लोकांना उन्हाची धास्ती असते, म्हणून याच लोकांना कोणीतरी मायेने बरणी आणून देते.

आणि पैशाचे काय? हिशेब मांडला तर दुकानातली सनस्क्रीन खरेच महाग आहे. चेहरा-मानेला सव्वा ग्रॅम, दर दोन तासांनी पुन्हा, असे नियम पाळायचे तर पन्नास ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा लावून तीन आठवडेही पुरणार नाही. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या माणसाला हे सांगणे म्हणजे थट्टा. पण याचे उत्तर स्वस्त खोटी सनस्क्रीन नव्हे. याचे उत्तर आपल्या गावात यंत्रमागांवर अहोरात्र विणले जाते. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, कोरडे कापड बाजारातल्या बहुतेक ट्यूबांहून भरवशाचे, कारण ते पुसले जात नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही. कापड पारखायला यंत्र नको. दिव्यासमोर धरावे. जितका उजेड आरपार दिसतो तितके ते उन्हाला फितूर. विरलेली पांढरी ओढणी घामाने भिजली की आणखी फितूर होते, सोलापुरी टॉवेल दोन पदरी घेतला तर त्याला उन्हाचा बापही भेदणार नाही. नव्या पेठेत डोळे तेवढे उघडे ठेवून तोंड बांधून फिरणाऱ्या मुलींना लोक हसतात. त्यांचे गणित बरोबर आहे. उरते ते नाकाचे हाड, डोळ्यांभोवतीचा भाग आणि हँडलवरची हातांची पालथी बाजू. तेवढ्याला ट्यूब लावली तर ती तीन आठवड्यांऐवजी उन्हाळाभर पुरते.

ज्यांनी बरणी करून ठेवलीच आहे त्यांनी ती फेकून द्यायची गरज नाही. लिंबू आणि कोरफड घातली नसेल तर झिंक ऑक्साइड आणि खोबरेल तेलाचे ते मिश्रण रात्री टाचांच्या भेगांना लावावे. त्यावर जुने मोजे घालून झोपावे, नाहीतर चादरीला डाग पडतात.